पाकचिकला अर्थ सांगितलेलं गाणं

सिंगापूरला गेलो तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात कुणावर हात उगारलेला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते वाचून मी पहिल्यापासून भांडखोर होतो असं कुणालाही वाटेल. पुण्यात शाळेत मार खाणाऱ्यांत होतो, देणाऱ्यांत नव्हतो.

तुआसला जहाजांच्या यार्डात पाइपिंगचं काम करायचो आणि यिशुनला सरकारी ब्लॉकमध्ये बायको-मुलीसह भाड्याने राहायचो. दोन्ही टोकं इतकी लांब, की कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन रोजचे तीन तास जायचे. त्या तीन तासांत मी फोनवर फुटबॉल बघायचो. इंग्लिश फुटबॉल. हॉस्टेलवर असताना एका लाल शर्टाच्या क्लबचं वेड लागलं होतं ते सुटलं नव्हतं, आणि सिंगापुरात ते चांगलंच फोफावलं, कारण तिथे सगळ्यांनाच ते होतं. टॅक्सीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, बँकेतला माणूस, कुणालाही विचारा, प्रत्येकाचा इंग्लंडात एक क्लब. तिथे जन्मात न गेलेली माणसं तिथल्या गोलकीपरच्या गुडघ्याची काळजी करायची.

आमच्या ब्लॉकखाली कॉफीशॉप होतं. शनिवारी संध्याकाळी पावणेआठला इंग्लंडातला दुपारचा पहिला सामना लागायचा, आणि पडद्यासमोरचं कोपऱ्यातलं टेबल आमचं असायचं. आमचं म्हणजे तिघांचं.

एक पाकचिक. मलय भाषेत पाकचिक म्हणजे काका. आमच्याच मजल्यावर चार दारं सोडून राहायचे. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, बारीक चणीचे, डोक्यावर कायम पांढरी टोपी. ते बिअरला शिवत नसत. दूध घातलेल्या चहाचा ग्लास घेऊन बसायचे. माझ्या क्लबचा जो हाडवैरी क्लब, त्याचे ते चाळीस वर्षांचे भक्त. सकाळी धरणावर गळ टाकून बसायचे आणि मासे मिळाले की आमच्या दाराशी येऊन विचारायचे, खाता का? आम्ही खात नाही हे माहीत असूनही दर वेळी विचारायचे. माझ्या मुलीला त्यांनीच सायकल शिकवली.

दुसरा एक इंग्रज. साठीला आलेला वेल्डिंग इन्स्पेक्टर, आमच्या यार्डात क्लायंटच्या बाजूने आलेला. आम्ही जोडलेला पाइप तो टॉर्च मारून बघायचा आणि खडूने फुली मारायचा, एवढंच आमचं नातं होतं. एकदा माझ्या हेल्मेटवरचा क्लबचा स्टिकर बघून तो म्हणाला, "हा क्लब कुठल्या गावात आहे ते नकाशावर दाखवता येईल तुला?" मी दाखवलं, रस्त्यांच्या नावांसकट. तो हसला नाही, पण त्यानंतर जेवायला माझ्या टेबलावर बसायला लागला. शहराच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला एकटाच राहायचा. मी त्याला यिशुनला बोलावलं आणि तो यायला लागला. त्याचा स्वतःचा क्लब उत्तरेकडल्या कुठल्याशा गावातला, तिसऱ्या डिव्हिजनमधला. त्याचे सामने टीव्हीवर कधीच लागत नसत.

सामन्यापेक्षा आमचे वादच जास्त चालायचे. पाकचिकचं म्हणणं, इंग्रजांना बॉल खेळवता येत नाही, नुसता हवेत उडवून मागे धावतात. चांगले खेळतात ते त्यांनी बाहेरून आणलेले. त्यांच्या तरुणपणी सिंगापूरच्याच स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसायची, पोरं दुपारपासून रांगा लावायची. आता स्थानिक सामन्याला खेळाडूंचे आईबापसुद्धा येत नाहीत, आणि ह्याला कारण हा पडदा. असं म्हणून ते पडद्याकडे बोट दाखवायचे आणि नव्वद मिनिटं त्यावरून नजर काढायचे नाहीत.

इंग्रजाचं म्हणणं वेगळं होतं. तुम्ही बघता तो फुटबॉलच नाही, ते दुकान आहे, असं तो म्हणायचा. आमची माणसं हाकलून दिली, उभं राहायचं नाही, शिवी द्यायची नाही, बापाने पोराला घेऊन यायचं ते आता परवडत नाही. आणि तुझ्यासारखे लोक म्हणजे गिऱ्हाइकं.

हे मला फार लागायचं. मी म्हणायचो, गिऱ्हाईक कसा? हरलो की मी दोन दिवस जेवत नाही. तो म्हणायचा, ते तुझ्या बायकोला सांग.

खरं तर मला त्याच्याकडून हवं होतं ते वेगळंच. जुन्या काळातल्या मारामाऱ्यांच्या कहाण्या मी इंटरनेटवर वाचायचो, जुने धुरकट व्हिडिओ बघायचो. रेल्वे स्टेशनवर दोन टोळ्या समोरासमोर, फुटलेल्या काचा, घोड्यावरचे पोलीस. बायको-मुलगी झोपल्या की हॉलमध्ये कानात इअरफोन घालून बघत बसायचो. आणि हा माणूस तर त्यातूनच आलेला होता. त्याच्या डाव्या भुवईवर आडवा व्रण होता. मी खोदून खोदून विचारायचो, तो टाळायचा, पण बिअर पोटात गेली की थोडं सांगायचा. नाण्यांच्या कडा कानशीने धारदार करून गर्दीत भिरकावायचे. वरच्या पायरीवरून खालच्याच्या खिशात लघवी करायचे. काळ्या खेळाडूच्या पायाशी केळी फेकायचे, आणि इंग्रजाच्या आसपासचे सगळे हसायचे. तोही हसायचा. एकदा स्टेशनखालच्या भुयारी रस्त्यात एका पोराला खाली पाडून चौघांनी लाथा घातल्या, पोराचा कान लोंबायला लागला, तेव्हा कुठे हे थांबले. हे सगळं तो खाली बघत, सपाट आवाजात सांगायचा. पाकचिक अशा वेळी चहाचा ग्लास उचलून दुसरीकडे जाऊन बसायचे. मी मात्र पुढे झुकून, हसत ऐकायचो. माझ्या अंगावर शहारे यायचे, आणि ते भीतीचे नव्हते.

त्याच नादात मी एक गाणं शिकलो. पाकचिकच्या क्लबच्या एका फार जुन्या सामन्यात प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरचा कठडा मोडून माणसं एकमेकांवर पडली आणि चेंगरून मेली होती. त्या मेलेल्यांची टिंगल करणारं गाणं आमच्या बाजूचे काही लोक गात असत. क्लबने बंदी घातली, तरी गायचे. मला वाटलं, हे येतं तो खरा. गिऱ्हाइकाला हे कुठून येणार? मी ते आंघोळ करताना म्हणायचो. एकदा सकाळी मुलगी डबा भरता भरता तीच चाल गुणगुणत होती. बायकोने विचारलं, शाळेतलं आहे का गं? मुलगी तिथल्या शाळेतल्या पोरांसारखी म्हणाली, "नो ला, पप्पाचं साँग."

त्या शनिवारी दोन्ही वैरी क्लब समोरासमोर होते. कॉफीशॉप गच्च भरलं होतं, बाहेर फुटपाथवरसुद्धा खुर्च्या मांडल्या होत्या. मी लाल शर्ट घालून साडेसहापासून पीत होतो. पाकचिक आपली जुनी, धुऊन विटलेली जर्सी घालून आले होते. इंग्रज उशिरा आला आणि माझ्या समोर बसला.

आम्ही पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल खाल्ले. पाकचिक ओरडणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या गोलनंतर त्यांनी फक्त माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, चहा पी, ती बिअर बास कर. ते थोपटणं मला सहन झालं नाही. मी उठून उभा राहिलो, स्टूल मागे सरकवलं आणि त्यांच्या तोंडासमोर वाकून ते गाणं म्हणायला लागलो. मोठ्याने, टाळ्या वाजवत. पाकचिकना इंग्रजी कामापुरतं यायचं. गाण्यातले घाईघाईचे शब्द त्यांना कळले नाहीत. त्यांना वाटलं मी नेहमीची थट्टा करतोय. ते हसून माझ्या टाळ्यांवर मान डोलवायला लागले.

दुसरं कडवं सुरू केलं आणि माझ्या नाकावर काहीतरी आदळलं.

ठोसा होता हे मला नंतर कळलं. आधी फक्त आवाज ऐकू आला, कवटीच्या आतून आलेला, ओली काटकी मोडल्यासारखा. मी मागच्या टेबलावर पडलो, टेबल कलंडलं, डोक्याची मागची बाजू त्याच्या कडेवर आपटली. डोळे उघडले तर इंग्रज माझ्यावर होता. त्याने एका हाताने माझा शर्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो मारत होता, घाई न करता, एकामागून एक, त्याच शांतपणाने ज्याने तो पाइपवर फुल्या मारायचा. मग उठला आणि बरगडीत लाथ घातली. माझा श्वास अडकला. लाथ कुठे घालायची हे ह्याला माहीत आहे, एवढं मला त्या अवस्थेतही जाणवलं.

दोघातिघांनी त्याला मागे ओढलं. तिथेच संपायला हवं होतं. तो थांबला होता, हात खाली सोडून उभा होता. पण जमिनीवर माझ्या हाताशी बिअरची मोठी बाटली होती. ती मी उचलली आणि टेबलाच्या पायावर आपटून फोडली. व्हिडिओत शंभरदा बघितलेलं होतं. हात आपसूक ते करून गेला. मला आठवतं ते असं, की त्या क्षणी मला अतिशय मोकळं वाटत होतं. नाकातून रक्त तोंडात येत होतं आणि मी हसत होतो. असं नंतर लोकांनी सांगितलं, आणि मला ते खरं वाटतं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बाटली फिरवली. मध्ये पाकचिक आले.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, बस थांबवायला करतात तसे. काच त्यांच्या उजव्या तळव्यात शिरली आणि मनगटापर्यंत आली. ते ओरडले नाहीत. हात वर धरून त्याच्याकडे बघत राहिले आणि रक्त कोपरावरून विटक्या जर्सीवर गळायला लागलं. मग हळूच खाली बसले. त्यांची टोपी पडली होती. टोपीशिवाय मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. टक्कल पडलेलं, लहान मुलासारखं डोकं. पडद्यावर सामना चालूच होता.

पोलीस दहा मिनिटांत आले. मी बाटली कधी टाकली ते आठवत नाही. नाक बसवून, डोक्याला सहा टाके घालून मला कोठडीत नेलं. दुसऱ्या दिवशी बायको आली. माझा एक सहकारी जामीन राहिला, पासपोर्ट पोलिसांकडे जमा झाला. अधिकाऱ्याने समजावून सांगितलं की हत्याराने इजा करणं हा मोठा गुन्हा आहे, तुरुंग आहे, वेताचे फटकेही आहेत. ते शब्द त्याने सावकाश उच्चारले, म्हणजे मला नीट कळावेत. घरी येऊन दार लावल्यावर बायकोने विचारलं, "हातात बाटली घेतलीस तेव्हा मी आणि आपली मुलगी मध्ये आलो असतो तर?" मी म्हटलं, असं काय बोलतेस. ती म्हणाली, "मी विचारतेय. उत्तर दे."

पंधरा दिवसांनी यार्डात कामावर गेलो. नाकावर पट्टी होती. इंग्रजाला क्लायंटने साइटवरून काढलं होतं. तो आपलं सामान घ्यायला आला आहे असं कळलं तेव्हा मी पाइपाच्या जोडावरच्या फ्लँजचे बोल्ट आवळत होतो. हातात मोठा स्पॅनर होता. तो मी मुद्दाम घेतला नव्हता, पण जाताना खालीही ठेवला नाही. पंधरा दिवस मी रोज मनातल्या मनात त्याचा जबडा फोडत होतो. माझ्या हातून पाकचिकचं जे झालं ते ह्याच्यामुळे झालं, असं मी स्वतःला पटवून दिलं होतं.

तो कंटेनर-ऑफिसमध्ये एकटाच होता, खोक्यात पुस्तकं भरत होता. त्याने स्पॅनर बघितला. मागे सरला नाही. म्हणाला, "मारणार असशील तर मार. पण आधी ऐक."

मग त्याने सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ पाकचिकच्या क्लबचा होता. घरातला एकटाच तसा, सगळे चिडवायचे त्याला. कठडा मोडला त्या सामन्याला दोघं बरोबर जाणार होते, गर्दीत धाकट्याला सांभाळायला मोठ्याने जायचं असं आईने ठरवून दिलं होतं. पण त्याच आठवड्यात ते भुयारी रस्त्यातलं प्रकरण झालं, ज्यात पोराचा कान गेला. सामन्याच्या दिवशी हा पोलीस कोठडीत होता. भाऊ एकटाच गेला. सतरा वर्षांचा होता. बापाने त्याला बुटावरून ओळखलं, कारण बूट मोठ्या भावाचे होते, न विचारता घातलेले.

"ती कानाची गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तू हसलास," तो म्हणाला. "मी सांगितली हीच माझी चूक. तुला कुणीतरी हसू नकोस असं सांगावं म्हणून मी थांबलो होतो. शेवटी हातानेच सांगितलं. हात वापरायचा नाही असं ठरवून तीस वर्षं झाली होती."

मी स्पॅनर खाली ठेवला. त्याने खोकं उचललं, माझ्या बाजूने निघून गेला. महिनाभरात तो मायदेशी परत गेल्याचं कळलं. त्याने माझी माफी मागितली नाही आणि मीही त्याची मागितली नाही.

पाकचिकला भेटायचं नाही, साक्षीदार आहेत, असं पोलिसांनी बजावलं होतं. एकाच मजल्यावर राहून तीन महिने मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. मग एके दिवशी मला बोलावून घेतलं. इंग्रजाला आधीच ताकीद देऊन सोडलं होतं, आता मलाही लेखी ताकीद मिळाली. पाकचिकने जबाब दिला होता की झटापटीत लागलं, काच कुणाच्या हातात होती ते दिसलं नाही. कॉफीशॉपमधल्या कुणालाच दिसलं नव्हतं. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा फटके बरे.

त्याच संध्याकाळी मी पाकचिकच्या दाराशी गेलो. दार त्यांच्या मुलाने उघडलं. तो सैन्यात होता, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मला बघताच त्याने गळ्याशी शर्ट धरून मला बाहेरच्या भिंतीवर दाबलं. पाय जमिनीवरून सुटले. नुकतंच भरून आलेलं नाक त्याच्या मनगटाखाली चेपलं गेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी हात वर केले नाहीत. त्याने मारलं असतं तर बरं वाटलं असतं, हेही खरं. आतून पाकचिकचा आवाज आला, मलयमध्ये काहीतरी, दोनच शब्द. त्याने मला सोडलं.

ते सोफ्यावर बसले होते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती, शिरा तुटल्यामुळे ती आता सरळ होणार नव्हती. समोर मोठ्या डब्यात त्यांचे गळ पडले होते. मला बस म्हणाले. माफी मागायला मी वाक्यं जुळवून आणली होती, पण त्यांनी डाव्या हाताने थांबवलं.

"ते गाणं काय होतं?" त्यांनी विचारलं. "तो माणूस इतका चिडला, म्हणजे त्यात काही असणार. मला अर्थ सांग."

मी म्हटलं, पाकचिक, नको. ते म्हणाले, "माझा हात गेला आहे. मला कळायला हवं."

मुलगा दाराशी उभा होता. मी सांगायला लागलो. सोप्या इंग्रजीत, मधे मला येणाऱ्या तुटक्या मलयमध्ये, एकेक ओळ. की तुमची माणसं कठड्याखाली सपाट झाली. की त्यांच्या आया आता शर्ट कुणासाठी धुणार. की मोजा, अजून एक कमी भरतोय. चाल नसताना ते शब्द इतके उघडे पडले, की प्रत्येक ओळीपाशी मी अडखळत होतो, आणि ते दर वेळी मान हलवून पुढे म्हणायचे. तीन कडवी होती. तिन्ही सांगितली. सांगताना मला त्या घराचा वास येत होता, तळलेल्या माशाचा आणि धुतलेल्या चटयांचा.

पाकचिक म्हणाले, "ती बातमी रेडिओवर आली तेव्हा मी बसच्या डेपोत होतो. आम्ही दहाबारा जणांनी मशिदीत जाऊन त्या माणसांसाठी दुआ मागितली. आम्ही त्यांच्या धर्माचे नाही, त्यांच्या देशाचे नाही, पण मागितली." "मी तुझ्या गाण्यावर मान डोलावत होतो," ते म्हणाले. "हात बरा होईल न होईल. हे मात्र तू माझ्याकडून करवून घेतलंस." मग मुलाला म्हणाले, ह्याला दारापर्यंत सोड.

त्यानंतर ते कॉफीशॉपमध्ये यायचे थांबले. मी तर जातच नव्हतो. माझ्या मुलीशी ते पूर्वीसारखंच बोलायचे. ती विचारायची पाकचिकचा हात असा का, आणि मी तिला खरं सांगितलं, ती आठ वर्षांची असताना. ती बराच काळ माझ्याजवळ झोपायला आली नाही. बायको म्हणाली, वेळ लागेल. तिलाही लागला, हे तिने सांगितलं नाही, पण मला दिसत होतं.

आम्ही यिशुन सोडलं त्याच्या आदल्या वर्षी, एका रविवारी सकाळी, लिफ्टमध्ये मी आणि पाकचिक दोघंच होतो. त्यांच्या खांद्याला गळाची पिशवी होती, डाव्या खांद्याला. दाराकडे बघतच ते म्हणाले, "काल तुमचे हरले."

"हो," मी म्हटलं. "वाईट खेळले."

दार उघडलं. ते धरणाच्या दिशेने गेले आणि मी बसस्टॉपकडे.